चापाला बांधलेलं रबर

आमच्या गावच्या पानठेल्यावर माझ्या लाकूड कापायच्या मशीनचे चार किस्से चालतात, आणि चारही मीच चालवलेले आहेत. पाचवा मी कोणाला सांगितला नव्हता. त्यात माझ्या मित्राचं बोट गेलं, आणि ते कशानं गेलं हे अडीच वर्षं फक्त मला माहीत होतं.

आधी ते चार सांगतो. ते सांगायची मला सवय आहे.

मी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. चांदूर बाजारकडच्या आमच्या गावाला वडिलांच्या मागे माझ्या वाट्याला आलेलं तीन एकर वावर आहे. शनिवार-रविवार मी तिथं जातो आणि स्वतःला शेतकरी म्हणवून घेतो. त्या वावरात संत्र्याची बाग होती. डिंक्या रोगानं ती धरली. खोडातून डिंक गळायला लागतो, साल सुटते, आणि झाड उभ्याउभ्या वाळून जातं. बोर्डो पेस्ट लावून झाली, मुळांशी औषधांच्या आळवण्या झाल्या, ज्याला त्याला विचारून झालं. शेवटी बाग काढायची ठरली. त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या बऱ्याच बागा निघत होत्या, त्यामुळे कुऱ्हाडीचा माणूस मिळेना. माझा साडू अकोल्याला राहतो. तो म्हणाला, माणसं काय शोधता, मशीन घ्या. आणि मला हाताला धरून दुकानातच घेऊन गेला.

दुकानदारानं पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. मी मान हलवत राहिलो. माझ्या वर्गातली पोट्टी अशीच मान हलवतात, आणि परीक्षेत काय लिहितात ते मी वर्षानुवर्षं तपासत आलो आहे. तरी मला शंका आली नाही. घरी येऊन मी चेन चढवली ती उलटी. दातांची तोंडं मागे. पहिल्या झाडाला मी अर्धा तास मशीन लावून उभा होतो. धूर निघाला, गूळ करपल्यासारखा वास सुटला, आणि खोडावर एक काळी रेघ उमटली. पाहायला जमलेल्यांत शेजारच्या वावरातले एक म्हातारे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, झाड कापून राह्यले का त्याले इस्त्री करून राह्यले?"

हा पहिला.

दुसरा असा की, ही मशीन नुसत्या पेट्रोलवर चालत नाही, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. मी नुसतं पेट्रोल भरलं. बारा मिनिटं ती फार सुंदर चालली आणि मग एकदम गप्प झाली. अकोल्याच्या मेकॅनिकनं पिस्टन बाहेर काढून, डॉक्टर पोटातला खडा नातेवाइकांना दाखवतात तसा, तळहातावर धरून दाखवला. विचारलं, काय शिकवता तुमी, सर? मी नववीला घर्षण शिकवतो. म्हटलं, मराठी.

तिसरा बाभळीचा. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, एक वाळलेली बाभूळ होती, पण तिच्यावर वेल चढून ती हिरवीगार झाली होती. ती पाडायला मी मोटारसायकलवर गेलो. उन्हाळ्यात आमच्याकडचा माणूस गाडी लावताना आधी सावली पाहतो, मग बाकीचं जग. मी सावली पाहिली, गाडी लावली, मशीन सुरू केली, आणि ज्या झाडाच्या सावलीत गाडी होती तेच झाड कापलं. चौथा किस्सा मशीन घरात पलंगाखाली ठेवली त्याचा. तिच्यातून गळणारं चेनचं तेल शेजारच्या तुरीच्या डाळीच्या पोत्यानं पिऊन टाकलं.  बायकोनं मला त्या डाळीचं वरण वाढलं.

असे हे चार. स्वतःवर हसणाऱ्या माणसाला एक फार मोठी सोय असते. तो आपणहून इतकं उघडं करतो की याच्याकडे झाकायला आणखी काही असेल असं कोणाला वाटतच नाही. मी हे किस्से जास्त रंगवून सांगायला लागलो ते पाचव्यानंतर.

ज्याचं बोट गेलं तो आणि मी पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर होतो. मी पुढे शिकलो, तो संत्र्याच्या कलमा बांधायला शिकला. आमच्या भागात हे मानाचं काम आहे. जंबेरीच्या रानटी रोपट्याच्या सालीला चाकूनं बारीक चीर द्यायची, साल न फाटू देता उचलायची, चांगल्या झाडाच्या फांदीवरचा डोळा अलगद काढून आत सरकवायचा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधून टाकायचा. चीर जरा खोल गेली की रोप मेलं, जरा उथळ राहिली की डोळा वाळला. दिवसभर मातीत उकिडवं बसून हे करायचं. दिवाळी झाली की नर्सरीवाले त्याच्या ओट्यावर येऊन बसायचे. शंभरातली पाच-सात मेली तरी त्याचा चेहरा उतरायचा. कोणी म्हटलं की तुझ्या हातात देव आहे, तर तो म्हणायचा, "हात माहा, डोया झाडाचा. मधात देव कायले पायजे?"

माझ्या बागेतली झाडं त्यानंच बांधलेली होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी, आम्ही दोघं मिसरूड फुटल्याच्या तोऱ्यात होतो तेव्हा. म्हणून बाग काढायची म्हटल्यावर तो आपणहून आला. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, बांधले म्या, तं तोडाले दुसरा कायले?

मार्चमधली सकाळ होती. दुरुस्त होऊन आलेली मशीन आता बरी चालत होती आणि माझ्या अंगात तज्ज्ञ संचारला होता. त्याला मी शिकवलं. वर्गात शिकवतो तसं, एक बोट वर करून. या मशीनला बंदुकीसारखा चाप आहे. दाबला की चेन फिरते, बोट सोडलं की थांबते. बाकी सारं विसरलास तरी चालेल, एवढं ध्यानात ठेव. त्यानं दोनदा म्हणून दाखवलं: बोट सोडलं का थांबते. मग तो फांद्या ओढून बाजूला रचायला लागला आणि मी कापायला.

दहा वाजेपर्यंत माझं बोट आखडलं. आता यात आमच्याकडची एक पद्धत सांगावी लागेल. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर कपाशीत फिरायचं तर त्याचा खटका दिवसभर कोणी दाबून धरत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापायची, खटक्यावर दोन वेढे मारायचे, गाठ द्यायची. पंप आपोआप फवारत राहतो आणि हात मोकळा राहतो. तंबाखू मळता येते, फोन घेता येतो. तुम्ही आमच्याकडच्या कोणत्याही घरात जाऊन पाहा, खुंटीवरच्या पंपाला ते रबर असतंच. माझाही पंप वावरातल्या झोपडीत टांगलेला होता. मी त्याचं रबर सोडलं आणि मशीनच्या मुठीला, चापासकट, करकचून गुंडाळलं.

मला ते सुचलं म्हणून मी खूश झालो होतो, हेही लिहून ठेवतो. चाप अर्धा दाबलेला राहत होता आणि चेन थांबायचं नाव घेत नव्हती. तासभर मी तसाच कापत होतो. तो तिकडे फांद्या रचत होता, पाठमोरा. आवाज सहन होईना म्हणून त्यानं दुपट्टा कानांवरून घट्ट बांधला होता. मी काय केलं आहे ते त्यानं पाहिलं नाही, आणि मी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही. पंपाला रबर बांधलं हे कोण कोणाला सांगतं?

तेवढ्यात शाळेतून फोन आला. पेपर तपासणीचं काहीतरी होतं, मुख्याध्यापक होते, घ्यावाच लागणार होता. मशीन बंद केली असती तर पुन्हा सुरू करायला दहा वेळा दोरी ओढावी लागली असती. म्हणून ती चालू मशीन मी त्याच्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याच्या हातात येत होती; काळ्या मुठीवरचं काळं रबर त्याला मुठीचाच भाग वाटलं असणार. खुणेनं एक आडवी फांदी दाखवली आणि रेंज मिळते त्या धुऱ्याकडे चालायला लागलो.

ओरडणं ऐकू आलं नाही. मशीनचा आवाज बदलला तो ऐकू आला. वळून पाहिलं तर तो खाली बसला होता आणि मशीन त्याच्यासमोर जमिनीवर पडून काळी माती खात होती. उड्या मारत होती आणि ढेकळं त्याच्या अंगावर उडवत होती. त्यानं डावा हात उजव्या काखेत दाबून धरला होता. कुत्रं चावल्यावर माणूस कुत्र्याकडे पाहतो तसा तो मशीनकडे पाहत होता.

"थांबली नाई बावा," तो म्हणाला. "म्या बोट सोडलं असं वाटलं मले. पन थांबली नाई."

काय झालं ते मला तिथंच कळलं. फांदी तुटली, त्यानं चापावरचं बोट उचललं, मी सकाळी शिकवलं होतं त्यावर विश्वास ठेवून डावा हात पुढच्या मुठीवरून काढला आणि तुटका तुकडा बाजूला करायला पुढे नेला. चेन फिरतच होती.

मी बटण दाबून मशीन बंद केली. मग त्याच्याकडे पाठ करून चापावरचं रबर सोडवून खिशात टाकलं. मग त्याच्याकडे गेलो. हा क्रम मी पुष्कळदा आठवून पाहिला आहे, बदलतो का ते पाहायला. बदलत नाही.

त्याच्याच दुपट्ट्यात हात गुंडाळला. शेजारच्या वावरातल्या माणसानं त्याला मध्ये धरलं आणि आम्ही तिघं मोटारसायकलवर चांदूर बाजारला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं आणि अमरावतीला पाठवलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी पट्टी उकलून पाहिली. डाव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापासून गेली होती, शेजारचं बोट उसवलं होतं. त्यांनी विचारलं, "तुकडा आणला का? आणला असता तर जोडायचा प्रयत्न केला असता."

तुकडा आणला नव्हता. माझ्या खिशात रबर होतं.

दुपारी त्याची बायको एसटीनं आली. तिच्यादेखत डॉक्टरांनी कागदावर लिहायला म्हणून विचारलं, कसं झालं. तो जरा विचार करून म्हणाला, "चापावरचं बोट काढाचं राह्यलं असन. मले वाटलं काढलं, पन नसन काढलं. सवय नाई ना." मग माझ्याकडे पाहिलं. "तसंच झालं असन ना, बावा?"

मी म्हटलं, होतं असं कधी कधी.

विज्ञानाचा शिक्षक म्हणाला म्हटल्यावर डॉक्टरांनी लिहून घेतलं.

दवाखान्याचा सारा खर्च मी केला. रोज डबा नेला. गावात माझं नाव झालं. सख्खा भाऊ करणार नाही एवढं सरांनी केलं, असं लोक बोलायला लागले. त्याची बायकोही बोलायची. ती दुसरंही एक बोलायची, ते त्याला उद्देशून. लग्नाच्या पोरीचा बाप झालास, तरी ध्यान ठेवता येत नाही. यंत्र हातात आणि चित्त कोठी? तो ऐकून घ्यायचा.

सांगायचं मी ठरवलं होतं. आधी म्हटलं, जखम भरू दे. मग त्याच्या मुलीचं लग्न आलं, म्हटलं मांडवात कुठं हे. मग म्हटलं, आता भरलेली जखम उकरून काय मिळणार. बोट तर काही परत येत नाही. माणूस आपल्यालाच किती समजूतदारपणे समजावतो.

त्या हिवाळ्यात कलमांचा हंगाम सुरू झाला आणि तो नर्सरीत गेला. दोन दिवसांत परत आला. सगळ्यांना वाटलं, बोटामुळे. मलाही तसंच वाटायला हवं होतं, पण मी त्याला घरी सराव करताना पाहिलं होतं. तर्जनी नसताना मधल्या बोटानं साल उचलायची त्यानं युक्ती काढली होती, आणि ती जमत होती. डाव्या हाताची अडचणच नव्हती. अडचण उजव्याची होती, ज्याला साधा ओरखडाही आला नव्हता. चाकू त्या हातात असायचा, आणि चापही त्याच हातानं दाबलेला होता.

"मी सोड म्हंतो अन् तो सोडत नाई," त्यानं मला एकदा सांगितलं. "अन् मले समजत बी नाई का यानं सोडलं नाई. असा हात चाकू धरते तं काय भरोसा?"

चीर देताना तो मध्येच थांबायचा आणि हाताकडे पाहत बसायचा. मग चीर वाकडी जायची. मग रोप मरायचं. मग खात्रीच पटायची. हळूहळू त्यानं विळा धरणं सोडलं, कुऱ्हाड सोडली, मोटारसायकल चालवणं सोडलं; मागे बसून जायला लागला. दुसऱ्यांच्या बागांत राखण करायचं काम घेतलं. माकडं हाकलायची, बस.

कोणीतरी सांगितलं की नस दबली असेल. अकोल्याला नसांचे डॉक्टर आहेत, तिथं दाखवा. त्याला तिथं घेऊन कोण जाणार? सख्ख्या भावापेक्षा जास्त करणारा मीच. साडूकडे चहा घेतला, नंबर लावला. आत त्याच्या हाताला तारा लावून तपासत होते तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. समोरच्या भिंतीवर माणसाच्या मज्जासंस्थेचं चित्र होतं. मी हे चित्र दरवर्षी फळ्यावर काढतो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, नसा एकदम ठीक आहेत, हाताला काही झालेलं नाही. यांच्या मनात काही आहे का? मी म्हटलं, मला कल्पना नाही.

येताना बसमध्ये त्यानं पुढच्या सीटचा दांडा धरला होता. परतवाड्याच्या फाट्यापर्यंत तो तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होता. मला वाटलं, डोळा लागला असेल, स्वप्नात बोलत असेल. कान दिला. तो उजव्या हाताशी बोलत होता. धर. सोड. धर. सोड. आणि प्रत्येक वेळी हात दांडा धरत होता, सोडत होता, अगदी बरोबर. तरी त्याचं समाधान होत नव्हतं.

इतकं पाहूनही मी बोललो नाही. उलट त्याच आठवड्यात पानठेल्यावर मोटारसायकलवर पडलेल्या बाभळीचा किस्सा सांगितला. तोही तिथं होता. सगळ्यांसारखा हसला, आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, भैताड लेका.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मी रिकाम्या वावरात पुन्हा संत्रा लावायचा ठरवला. कलमा त्याच्याच हातच्या हव्या होत्या. मी मनाशी म्हणालो की मी मागितल्या तर तो पुन्हा बसेल, बसला की हात सुधारेल, आणि मग बोलायची गरजच उरणार नाही. सकाळी त्याच्या घरी गेलो. अंगणात ऊन आलं होतं. त्याची बायको चुलीसाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या विळ्यानं तोडून त्यांच्या पेंड्या बांधत होती, कारण आता तो विळा धरत नव्हता. तो भिंतीला टेकून बसला होता. तिनं चहा दिला. मी कलमांचं बोललो.

तो नाही म्हणाला. मी आग्रह केला, जरा थट्टाही केली. म्हटलं, मेल्या तर मेल्या, माझ्या बागेत झाडं मरायची सवय आहे. तो हसला नाही.

"तुले एक सांगू का," तो म्हणाला. "माहंच बोट गेलं हे बरं झालं. त्या दिवशी तू जवळ उभा असता तं तुले लागली असती. माह्या हातानं. मंग म्या तुह्या लेकरायले काय तोंड दाखोलं असतं? हे माह्या डोक्यातून जातच नाई."

मी कप खाली ठेवला.

"चापाला रबर बांधलं होतं," मी म्हटलं. "पंपाला बांधतो तसं. मी बांधलं होतं, तुला द्यायच्या आधी. तू बोट सोडलं असतं तरी ती थांबणार नव्हती."

 त्यानं एक पऱ्हाटी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, दाखव. कुठं बांधलं होतं, किती वेढे, गाठ कोणत्या अंगाला. मी दाखवलं. मग ती काडी त्यानं माझ्या हातातून घेतली, उजव्या हातात मशीनसारखी धरली, तर्जनी आवळली, आणि उचलली. पुन्हा आवळली. उचलली. त्यानं विचारलं, मग ते रबर कुठं गेलं. मी म्हटलं, मी काढून खिशात टाकलं. कधी? तुझ्याकडे यायच्या आधी.

"म्हंजे म्या सोडलं होतं," तो म्हणाला. माझ्याशी नाही. बायकोकडे वळून पुन्हा म्हणाला, "आयकलं का? म्या सोडलं होतं बोट."

तिचा विळा थांबला होता. ती माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं ती शिव्या देईल, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाटही पाहत होतो; शिव्या खाल्ल्या की माणसाला काहीतरी फेडल्यासारखं वाटतं. तिनं फक्त एक विचारलं.

"अकोल्याले याच्या संगं तुमीच गेल्ते ना?"

मी हो म्हटलं.

ती पुन्हा पऱ्हाट्यांकडे वळली. तेव्हा तो उठला, तिच्या हातातून विळा घेतला, खाली बसला आणि तोडायला लागला. पहिले दोन-तीन घाव चुकले. मग बसायला लागले. तो मान वर न करता तोडत होता, भराभर, चुलीला लागतील त्याच्या कितीतरी पुढे. ती बाजूला उभी राहून त्याच्या हाताकडे पाहत होती. मी अजून तिथंच बसलेलो आहे हे बहुधा दोघंही विसरले होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की चूक झाली, माफ कर.

"अडीच वर्सं म्या माह्याच हाताले शिव्या देल्ल्या," तो म्हणाला. विळा चालूच होता. "बोट गेलं त्याचं काई नाई. तुह्यापासून म्हंजे मुद्दाम थोडी गेलं ते. जाय आता."

मी गेलो.

हे सांगून मला हलकं वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं ऐकलं आहे.

पंधरा दिवसांनी कळलं की तो चांदूर बाजारच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत बसायला लागला आहे. मी शाळेतून गावी येता-जाता गाडी हळू करून पाहायचो. जंबेरीच्या रोपांच्या ओळीत पोतं अंथरून तो उकिडवा बसलेला असायचा. अंतर बरंच असल्यामुळे हात दिसत नसत, पाठ दिसायची. नर्सरीवाला माझ्या ओळखीचा. म्हणाला, पहिल्या वाफ्यात निम्म्याहून जास्त मेल्या, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसला. आता जगून राहिल्या आहेत. आधीसारखा झपाटा नाही, पण जगून राहिल्या आहेत.

जानेवारीच्या शेवटी मी धीर करून नर्सरीत उतरलो. तो ओळीच्या पार टोकाला होता. त्यानं पाहिलं असावं; त्याची पाठ जरा ताठ झाली. मी नर्सरीवाल्याला म्हटलं की मला पावसाळ्यात तीन एकरापुरत्या कलमा पाहिजेत, याच्या हातच्या. नर्सरीवाला अवघडला. इकडे तिकडे पाहून मला ऑफिसच्या मागे घेऊन गेला. तो म्हणाला की कामाला बसायच्या पहिल्याच दिवशी यानं एक अट घातली होती, आणि आपण ती कबूल केली आहे. आता तुम्ही विचारलंच म्हणून सांगतो, मनाला लावून घेऊ नका.

मी म्हटलं, सांगा.

"तो म्हने, माह्या हातचं रोप कोनालेबी द्या, फुकट द्या. सरले एकही द्याचं नाई."

मी ठीक आहे म्हटलं. दुसरीकडून कलमा मिळाल्या असत्या. अंजनगावकडे आहेत, वरूडकडे तर हव्या तेवढ्या आहेत. मी कुठं गेलो नाही. पाऊस पडल्यावर तिन्ही एकरांत तूर पेरली.